गावातल्या घरून माइनक्राफ्ट सर्व्हर: ‘कनेक्ट होत नाही’ म्हणजे नेमकं कुठे अडलं?

“मामा, टाइम आउट येऊन राह्यलं.”

दिवाळीची सुट्टी संपवून भाचा नागपूरला होस्टेलवर परतला, त्या रात्रीचा हा फोन. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यात. सुट्टीभर घरातल्या जुन्या लॅपटॉपवर माइनक्राफ्ट या गेमचा सर्व्हर (सगळे खेळणारे ज्याला जोडले जातात तो प्रोग्राम) टाकून पोरं खेळली होती आणि घरात सगळं झकास चाललं होतं. भाचा नागपूरला गेला, पुण्याचा चुलतभाऊही म्हणाला मलाही घ्या, आणि दोघांनाही सर्व्हर लागेना. पुढच्या दोन रात्री मी राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली जोडणी घरातल्या ठरावीक मशीनकडे वळवायचा नियम) केलं, मोडलं, परत केलं. तिसऱ्या दिवशी कळलं की त्या राउटरमध्ये मी काहीही केलं असतं तरी फरक पडणार नव्हता. अडथळा माझ्या घराच्या बाहेर होता.

तेव्हा मी ज्या क्रमाने तपासायला हवं होतं, त्या क्रमाने हे लिहितो आहे. इंटरनेटवरचे बहुतेक मार्गदर्शक पोर्ट फॉरवर्डिंगपासून सुरू होतात, कारण ते लिहिणाऱ्याच्या घराला स्वतःचा सार्वजनिक आयपी पत्ता, म्हणजे बाहेरून थेट गाठता येणारा इंटरनेटवरचा नंबर, असतो. आपल्याकडे गावातल्या फायबरवर किंवा मोबाइल डेटावर तो असेलच असं धरून चालू नका.

ओलिताचं पाणी शेवटच्या सरीत पोचलं नाही तर कास्तकार तिथेच फावडं मारत बसत नाही. आधी मोटर चालू आहे का बघतो, मग पाइपाच्या एकेका जोडावरून पुढे येतो. इथेही तेच करायचं: सर्व्हर, मग तोच लॅपटॉप, मग घरातलं दुसरं मशीन, मग राउटर, मग बाहेर. एक टप्पा पक्का झाल्याशिवाय पुढच्याला हात लावायचा नाही.

उदाहरण माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीचं घेतलं आहे. पोर्ट म्हणजे मशीनवरचं नंबर दिलेलं दार, आणि टीसीपी, यूडीपी या डेटा पाठवायच्या दोन पद्धती. जावा आवृत्ती टीसीपीचा २५५६५ नंबरचा पोर्ट वापरते. मोबाइलवर चालणारी बेडरॉक आवृत्ती यूडीपीचा १९१३२ वापरते. दुसरा कुठला गेम असेल तर त्याचा पोर्ट आणि टीसीपी की यूडीपी एवढं आधी शोधून ठेवा, बाकी पायऱ्या त्याच.

आधी एरर वाचा, शब्दशः

“लागत नाही” यावरून काहीच कळत नाही. समोरच्याला स्क्रीनशॉट पाठवायला सांगा. निम्मं निदान तिथेच होतं.

‘कनेक्शन टाइम्ड आउट’ आलं, तर त्याचं पॅकेट (डेटाचा तुकडा) निघालं आणि वाटेत कुठेतरी गडप झालं. उत्तर कुणीच दिलं नाही. फायरवॉल (आत येणारं अडवणारा पहारेकरी), चुकीचा पत्ता, ऑपरेटरकडचा अडथळा किंवा झोपी गेलेला लॅपटॉप, यांपैकी काहीही असू शकतं. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ ही त्यामानाने चांगली बातमी. पॅकेट कुठल्या तरी मशीनपर्यंत पोचलं आणि तिथून स्पष्ट नकार आला. बहुतेक वेळा पत्ता बरोबर असतो, फक्त त्या पोर्टवर सर्व्हर चालू नसतो. ‘अननोन होस्ट’ म्हणजे नावावरून पत्ताच सापडला नाही. स्पेलिंग बघा, पुढेमागे एखादी मोकळी जागा चिकटली आहे का बघा. व्हॉट्सअॅपवरून कॉपी करताना ती हमखास चिकटते.

‘आउटडेटेड क्लायंट’, ‘आउटडेटेड सर्व्हर’, ‘यू आर नॉट व्हाइटलिस्टेड’ यांपैकी काही दिसलं तर नेटवर्कचा विषय तिथेच संपला. तो सर्व्हरपर्यंत पोचला आहे, दार आतून लावलेलं आहे. व्हर्जन जुळवा किंवा व्हाइटलिस्टमध्ये, म्हणजे परवानगी असलेल्यांच्या यादीत, त्याचं नाव घाला.

सर्व्हर खरंच चालू आहे का

हसू नका. काळी खिडकी उघडी दिसते म्हणजे सर्व्हर चालू आहे असं नसतं. त्या खिडकीत शेवटी ‘डन’ अशी ओळ आली पाहिजे आणि तिच्या वर कुठेतरी २५५६५ हा आकडा दिसला पाहिजे.

‘डन’ येतच नसेल तर सहसा तीन कारणं सापडतात. ‘युला’ नावाच्या टेक्स्ट फाइलमध्ये ‘फॉल्स’च्या जागी ‘ट्रू’ करायचं राहिलं. किंवा जावा जुनी आहे: माइनक्राफ्ट १.२०.५ पासून पुढे किमान जावा २१ लागते, आणि जुन्या जावावर सर्व्हर सुरू होताच ‘अनसपोर्टेड क्लास व्हर्जन’ म्हणून कोसळतो. किंवा ‘फेल्ड टू बाइंड टू पोर्ट’ येतं. याचा अर्थ तो पोर्ट आधीच कुणीतरी धरून बसलं आहे, आणि ते कुणीतरी म्हणजे बहुधा तुमच्याच सर्व्हरची न दिसणारी दुसरी प्रत. टास्क मॅनेजर उघडून जुनी जावा बंद करा.

याच एररचं आणखी एक कारण ‘सर्व्हर प्रॉपर्टीज’ फाइलमध्ये लपलेलं असतं. तिथे ‘सर्व्हर-आयपी’ अशी ओळ असते आणि नवखा माणूस हमखास तिथे आपला पत्ता भरतो. ती रिकामी ठेवायची असते. रिकामी असली की सर्व्हर मशीनच्या सगळ्या पत्त्यांवर ऐकतो.

आता त्याच लॅपटॉपवर गेम उघडा, ‘डायरेक्ट कनेक्शन’मध्ये ‘लोकलहोस्ट’ टाइप करा आणि आत जा. लागलं तर मोटर चालू आहे. नाही लागलं तर राउटरला शिव्या देऊन उपयोग नाही.

घरातल्या दुसऱ्या मशीनवरून

सर्व्हरच्या लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘आयपीकॉन्फिग’ चालवा. ‘आयपीव्ही४ अॅड्रेस’समोर १९२.१६८.१.७ असं काहीतरी दिसेल. घरातल्याच वाय-फायवर असलेल्या दुसऱ्या लॅपटॉपवरून तो पत्ता टाकून बघा.

इथे टाइम आउट आलं तर पहिला संशय विंडोजच्या फायरवॉलवर. नवीन वाय-फायला जोडताना विंडोज ते नेटवर्क ‘पब्लिक’ धरतं, म्हणजे एसटी स्टँडवरच्या वाय-फायइतकंच परकं, आणि आत येणारं सगळं अडवतं. सेटिंगमध्ये जाऊन घरचं नेटवर्क ‘प्रायव्हेट’ करा. मग विंडोज डिफेंडर फायरवॉलच्या ‘इनबाउंड रूल्स’मध्ये नवा नियम करा: प्रकार पोर्ट, टीसीपी, २५५६५, परवानगी द्या. नियम प्रोग्रामच्या नावाने करण्यापेक्षा पोर्टच्या नावाने केलेला बरा. प्रोग्रामचा नियम जावाच्या ठरावीक फोल्डरला बांधलेला असतो. जावा नव्या फोल्डरात बसली की नियम जुन्या जागी पडून राहतो आणि काल चाललेलं आज बंद पडतं. वेगळा अँटिव्हायरस असेल तर त्याची स्वतःची फायरवॉल असू शकते, तीही बघा.

तपासायचं म्हणून पूर्ण फायरवॉल दोन मिनिटं बंद करून बघणं चालेल. मात्र ती तशीच ठेवून जेवायला जाऊ नका.

दुसरा संशय: दोन्ही मशीन खरंच एकाच नेटवर्कवर आहेत का? आपल्याकडे हा प्रकार फार आहे. फायबरवाल्याने दिलेला पांढरा डबा, म्हणजे ओएनटी, पुढच्या खोलीत. मागच्या खोलीत रेंज येत नाही म्हणून यवतमाळहून आणलेला दुसरा राउटर. दुसऱ्या राउटरने स्वतःचं वेगळं नेटवर्क केलेलं असतं. एका खोलीत पत्ता १९२.१६८.१ ने सुरू होतो, दुसऱ्या खोलीत १९२.१६८.० ने. मागच्या खोलीतला पुढच्याला गाठू शकतो, पुढच्या खोलीतला मागच्याला नाही. सर्व्हर मागच्या खोलीत असेल तर बाहेरून येणाऱ्याला दोन फाटकं लागतात.

उपाय सोपा आहे. दुसऱ्या राउटरचा डीएचसीपी (मशीनना पत्ते वाटायचं काम) बंद करा, त्याचा स्वतःचा पत्ता पहिल्याशी भांडणार नाही असा ठेवा, आणि ओएनटीकडून येणारी केबल ‘वॅन’ लिहिलेल्या भोकातून काढून ‘लॅन’ लिहिलेल्या एका भोकात घाला. मग तो नुसता वाय-फाय वाढवणारा डबा होतो आणि सगळं घर एका नेटवर्कवर येतं. बऱ्याच राउटरमध्ये ‘अॅक्सेस पॉइंट मोड’ असं तयार बटण असतं, तेही हेच करतं.

गेस्ट वाय-फायवर असाल तर त्यातली मशीन एकमेकांना दिसू नयेत अशीच त्याची रचना असते. मुख्य वाय-फायवर या.

पत्ता पळून जातो

राउटर घरातल्या मशीनला पत्ते वाटतो, पण ते कायमचे नसतात. शहरात महिनोन्महिने राउटर बंद होत नाही म्हणून हे लक्षात येत नाही. आपल्याकडे लाइन दिवसातून दोन-तीनदा जाते. आली की टीव्ही, फोन, लॅपटॉप सगळे एकदम पत्ता मागतात आणि कुणाला कुठला मिळेल याचा भरवसा नाही. माझ्या राउटरमध्ये २५५६५ चा नियम १९२.१६८.१.७ कडे बोट दाखवत होता, आणि एका संध्याकाळी यादी उघडून बघितली तर तो पत्ता आईच्या मोबाइलला मिळालेला. भाचा बिचारा आईच्या मोबाइलवर माइनक्राफ्ट शोधत होता.

राउटरच्या पानावर ‘डीएचसीपी रिझर्व्हेशन’ किंवा ‘अॅड्रेस रिझर्व्हेशन’ शोधा, लॅपटॉपचा मॅक पत्ता (त्याचा हार्डवेअर नंबर) निवडा आणि त्याला एक पत्ता कायमचा बांधून द्या. विंडोजच्या वाय-फाय सेटिंगमध्ये ‘रँडम हार्डवेअर अॅड्रेसेस’ चालू असेल तर बंद करा, नाहीतर लॅपटॉप वेगळ्याच मॅकने पुढे येईल आणि राउटर त्याला ओळखणार नाही. केबल आणि वाय-फाय यांचे मॅक वेगळे असतात, हेही विसरू नका.

आता खरी गोष्ट: बाहेरचा पत्ता तुमचा आहे का

हीच पायरी मी पहिल्या रात्री केली असती तर दोन रात्रींची झोप वाचली असती. पाच मिनिटांचं काम आहे.

राउटरच्या पानावर ‘स्टेटस’मध्ये ‘वॅन आयपी’ (राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता) बघून कागदावर लिहा. मग ब्राउझरमध्ये माझा आयपी काय, असं शोधा आणि साइट जो आयपीव्ही४ पत्ता सांगेल तोही लिहा. दोन्ही तंतोतंत सारखे असतील तर तुम्ही नशीबवान. पुढचा पोर्ट फॉरवर्डिंगचा भाग तुमच्यासाठी आहे. वेगळे असतील तर तुमच्या आणि इंटरनेटच्या मध्ये आणखी एक फाटक आहे.

ते कुणाचं, हे वॅनच्या पत्त्यावरून कळतं. १९२.१६८ ने सुरू होत असेल तर बहुधा तुमच्याच घरातला दुसरा डबा. वर सांगितलं तसं दुरुस्त करा. १०० ने सुरू होत असेल आणि दुसरा आकडा ६४ ते १२७ च्या मध्ये असेल, तर फाटक ऑपरेटरचं आहे. हा पट्टा २०१२ साली खास याच कामासाठी राखून ठेवला गेला. १० ने सुरू होणारा पत्ताही बहुधा ऑपरेटरकडचाच. या व्यवस्थेला कॅरियर ग्रेड नॅट म्हणतात, लिहिताना सीजीनॅट.

ऑपरेटर हे मुद्दाम त्रास द्यायला करत नाही. जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४ चे, सगळे मिळून पत्ते सुमारे ४२९ कोटी. आपल्या आशिया-पॅसिफिक भागाचा साठा एप्रिल २०११ मध्येच शेवटच्या राखीव तुकड्यावर आला. आपल्या गावांत फायबर त्यानंतर आलं. पत्ते शिल्लक नाहीत, म्हणून एकाच पत्त्यामागे अनेक घरं बसवतात.

एसटीडी बूथ आठवतो का? बूथवरून तुम्ही पुण्याला काकाला फोन लावू शकत होता. फोन चालू आहे तोवर काकाही तुमच्याशी बोलू शकत होता. पण तुम्ही फोन ठेवून घरी आलात आणि काकाने त्या नंबरवर उलटा फोन केला, तर उचलणार बूथवाला. तो म्हणणार, इथे दिवसभरात शंभर माणसं येतात, तुम्हाला कोण पाहिजे? सीजीनॅट हाच बूथ आहे. तुमच्या घरातून बाहेर गेलेलं सगळं चालतं: यूट्यूब, व्हिडिओ कॉल, दुसऱ्याच्या सर्व्हरवरचा गेम. पण बाहेरून आपणहून आलेल्याला तुमचं घर सापडत नाही. तुम्ही आपल्या राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडा, कॉल बूथवरच अडतो.

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर किंवा सिमकार्डवाल्या राउटरवर सर्व्हर चालवत असाल तर ही तपासणी करायचीही फारशी गरज नाही. तिथे हेच असतं असं धरा.

वॅनचा पत्ता तुमचाच निघाला, तर

राउटरमध्ये ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ किंवा ‘व्हर्च्युअल सर्व्हर’ शोधा. बाहेरचा पोर्ट २५५६५, आतला पोर्ट २५५६५, प्रोटोकॉल टीसीपी, आतला पत्ता तोच जो लॅपटॉपला बांधून दिला. सेव्ह करा.

तपासताना इथे दोन फसगती होतात. घरातूनच आपला बाहेरचा पत्ता टाकून बघितलं तर अनेक राउटरवर लागत नाही, कारण बाहेर जाऊन वळून परत आत येणं त्यांना जमत नाही. बाहेरच्यांना व्यवस्थित लागत असतं आणि तुम्ही घरात बसून दुरुस्ती करत राहता. घरातल्यांनी आतला पत्ता वापरायचा, बाहेरच्यांनी बाहेरचा. दुसरी फसगत: फोनवर मोबाइल डेटा चालू करून फोनमधल्या माइनक्राफ्टवरून तपासणं. फोनमध्ये बेडरॉक असतं, ते जावाच्या सर्व्हरला जोडलं जात नाही. दुसरा लॅपटॉप फोनच्या हॉटस्पॉटवर घ्या आणि त्यावरून बघा. नाहीतर पोर्ट उघडा आहे का सांगणाऱ्या साइटवर बघा, मात्र त्या वेळी सर्व्हर चालू पाहिजे. मागे ऐकणारं कुणी नसेल तर उघडा पोर्टही बंद दिसतो. या साइट बहुतेक टीसीपीच तपासतात, त्यामुळे बेडरॉकच्या यूडीपीसाठी त्यांच्यावर जाऊ नका.

बाहेरचा पत्ताही राउटर बंद-चालू झाला की बदलू शकतो. डकडीएनएससारखी फुकट सेवा घेऊन त्याला एक नाव देऊन टाका, म्हणजे रोज व्हॉट्सअॅपवर नवा पत्ता पाठवावा लागणार नाही.

आणि ‘डीएमझेड’ नावाचं एक बटण दिसेल. ते दाबलं की सगळे पोर्ट एकदम त्या लॅपटॉपकडे वळतात आणि गेम लागतोही. दाबू नका. त्याच लॅपटॉपवर सातबारा, बँक, आधार सगळं असतं. पोर्ट उघडला की अनोळखी स्कॅनर येऊन दार वाजवून जातात, हे गृहीत धरा. व्हाइटलिस्ट चालू ठेवा, ‘ऑनलाइन मोड’ (खेळणाऱ्याचं खातं खरं आहे का तपासणारी सेटिंग) ट्रूच ठेवा, राउटरचा मूळ पासवर्ड बदला. १.१८.१ च्या आधीचा सर्व्हर बाहेर उघडा ठेवू नका. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग४जे नावाच्या भागात जे भोक सापडलं, त्यातून नुसता चॅटमध्ये मेसेज टाकून दुसऱ्याच्या मशीनवर ताबा घेता येत होता.

एवढं करूनही काही दिवसांनी अचानक बंद पडलं, तर ऑपरेटरच्या माणसाने तक्रार सोडवताना डबा रीसेट केला असेल. सगळे नियम पुसले जातात. सेटिंगच्या पानांचे फोटो काढून ठेवा.

ऑपरेटरचं फाटक निघालं, तर

पहिला मार्ग मागून घेण्याचा. मी आमच्याकडच्या फायबरवाल्याला फोन केला.

“भाऊ, मले पब्लिक आयपी पाहिजे.”

“कायले? नेट तं चालू आहे ना?”

“चालू आहे. पण बाहेरून घरात यायचं आहे.”

“बाहेरून कोन येते तुमच्या घरात?”

पुढच्या वेळी मी शब्द बदलला. सीसीटीव्हीच्या डीव्हीआरसाठी लोक घेतात तसा स्टॅटिक आयपी पाहिजे, म्हटलं. लगेच समजलं. महिन्याला वेगळे पैसे पडतात, ते ऑपरेटरप्रमाणे बदलतात, आणि काहींकडे घरगुती कनेक्शनला मिळतच नाही. मिळाला तर सगळ्यात सरळ उपाय हाच. मग वरचं पोर्ट फॉरवर्डिंग करा.

दुसरा मार्ग, आणि चार-पाच जणांच्या ग्रुपसाठी माझ्या मते सगळ्यात बरा: टेलस्केल किंवा झिरोटियर. सर्व्हरवर आणि प्रत्येक खेळणाऱ्याच्या मशीनवर ते टाकायचं, सगळ्यांना एकाच खासगी नेटवर्कमध्ये घ्यायचं. बूथच्या भाषेत सांगायचं तर, प्रत्येक घर आपणहून बाहेर फोन लावतं आणि ठेवत नाही; मग चालू फोनवर दोघं बोलतात. उलटा फोन करायची वेळच येत नाही. राउटरला हात लागत नाही, पोर्ट जगासमोर उघडत नाही. टेलस्केल प्रत्येक मशीनला १०० ने सुरू होणारा पत्ता देतं. मित्रांनी गेममध्ये तो टाकायचा. हा पत्ता आणि राउटरच्या पानावरचा १०० चा पत्ता यांची गल्लत करू नका. पट्टा एकच असला तरी संबंध काही नाही. लागलं नाही तर आधी दोन्हीकडे टेलस्केल चालू दिसतं का बघा, मग पुन्हा विंडोजची फायरवॉल. टेलस्केलचं नेटवर्कही विंडोजला नवंच असतं, त्यामुळे फायरवॉलचा नियम पब्लिक आणि प्रायव्हेट दोन्हींसाठी टिकलेला हवा.

कधीकधी लागतं पण अडखळतं. दोन्ही बाजूंना सीजीनॅट असलं की थेट जोडणी जमेलच असं नाही; नाही जमली तर वाहतूक मधल्या रिले सर्व्हरवरून फिरते. कमांड प्रॉम्प्टवर ‘टेलस्केल पिंग’ आणि पुढे मित्राच्या मशीनचं नाव टाका. थेट आहे की ‘डर्प’ मार्गे, ते लिहून येतं. डर्प म्हणजे रिले.

तिसरा मार्ग प्लेइटसारख्या टनेलचा. हे फक्त सर्व्हरवर टाकायचं. ते एक पत्ता देतं, मित्रांनी तो टाकला की झालं. त्यांना काहीच इन्स्टॉल करावं लागत नाही. लहान पोरांना किंवा (सर्व्हर बेडरॉकचा असेल तर) मोबाइलवाल्यांना घ्यायचं असेल तर हे सोयीचं. पण वाहतूक त्या कंपनीच्या डेटा सेंटरमधून वळसा घेते, पिंग (पॅकेट जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ) वाढतो, आणि तो पत्ता कुणालाही टाकता येतो, म्हणून व्हाइटलिस्ट इथेही हवीच.

चौथा मार्ग आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीच्या पत्त्यांचा. ‘आयपीकॉन्फिग’मध्ये २ ने सुरू होणारा लांबलचक पत्ता दिसला तर तुमच्या मशीनला स्वतःचा जागतिक पत्ता मिळालेला आहे. एफई८० ने सुरू होणारा मोजू नका, तो घरापुरताच. आयपीव्ही६ मध्ये पोर्ट फॉरवर्डिंग नसतं, पण राउटर आत येणारं अडवतोच. त्याच्या आयपीव्ही६ फायरवॉलमध्ये त्या पोर्टला वाट द्यावी लागते, आणि काही ऑपरेटरच्या डब्यांत ते पानच नसतं. गेममध्ये टाकताना पत्ता चौकोनी कंसात लिहायचा. मित्राकडेही आयपीव्ही६ हवं. भाच्याला मोबाइल डेटावरून असं लागलं, होस्टेलच्या वाय-फायवरून नाही लागलं. म्हणून आम्ही शेवटी टेलस्केलवर स्थिरावलो.

लागतं, पण अडकतं

हा वेगळा आजार आहे. सर्व्हरच्या खिडकीत ‘कान्ट कीप अप’ येत असेल तर नेटचा दोष नाही, लॅपटॉप दमला आहे. माइनक्राफ्टला सेकंदाला २० ठोके द्यायचे असतात, म्हणजे एकेका ठोक्याला ५० मिलिसेकंद. ‘व्ह्यू डिस्टन्स’ (किती लांबपर्यंतचं जग दाखवायचं) १० वरून ६ वर आणा, लगेच फरक दिसेल.

ती ओळ येत नसेल तर सर्व्हरवरून आधी राउटरला पिंग करा. एक-दोन मिलिसेकंद स्थिर आलं पाहिजे. मध्येच दोनशेवर उडी गेली तर वाय-फाय; सर्व्हरला केबल लावा, मधल्या भिंतीशी भांडू नका. राउटरपर्यंत ठीक आणि पुढे पॅकेट गळतात, तर फायबर बघा. ओएनटीवर ‘लॉस’चा लाल दिवा असेल तर तार तुटली, जेसीबी, वानर किंवा उंदीर, तिघांपैकी कुणीतरी. दिवा हिरवा असूनही नेट तुटत असेल तर ओएनटीच्या पानावर ‘आरएक्स पॉवर’ (तारेतून येणाऱ्या प्रकाशाची ताकद) बघा. साधारण −८ ते −२७ डीबीएमच्या मधे चालतं. −२६, −२७ च्या काठावर असेल तर तार कुठेतरी जास्त वाकली आहे किंवा जोड मळला आहे. ऑपरेटरला हा आकडाच सांगा. “नेट स्लो आहे” म्हटलं तर तो डबा बंद-चालू करायला लावतो. आकडा सांगितला तर माणूस येतो.

मे महिन्यात दुपारीच तुटत असेल तर डबा कुठे टांगला आहे बघा. बऱ्याच ओएनटीच्या लेबलवर ० ते ४० अंश लिहिलेलं असतं, आणि आपल्याकडे सावलीतच ४५ होतं. आमचा टिनाच्या अगदी खाली होता. दोन हात खाली, खिडकीपासून लांब आणला.

पिंग किती अपेक्षित धरावा? फायबरमध्ये प्रकाशाला एका किलोमीटरला सुमारे पाच मायक्रोसेकंद लागतात. नागपूर आमच्याहून जेमतेम दोनशे किलोमीटर, पण पॅकेट मुंबईला जाऊन नागपूरला येऊ शकतं. तो वळसा धरला तरी कागदावर पंधरा-वीस मिलिसेकंद होतात. प्रत्यक्षात तीस-चाळीस आला तर तक्रार करू नका. दीडशे येत असेल तर रिले किंवा दूरचा टनेल आहे का तपासा.

लाइनचं काय

सर्व्हरसाठी डेस्कटॉपपेक्षा जुना लॅपटॉप बरा, कारण बॅटरी आतच असते. पण लाइन गेली की ओएनटी मरतो आणि लॅपटॉप एकटाच जागा राहतो. ओएनटीच्या अॅडॉप्टरवर किती व्होल्ट आणि किती अँपियर आहे ते वाचा, बहुतेक १२ व्होल्ट असतं, आणि तेवढाच देणारा छोटा राउटर यूपीएस घ्या. पिनची जाडी जुळते का, दुकानात डबा घेऊन जाऊनच बघा.

लॅपटॉपचं झाकण लावलं की तो झोपतो, आणि बाहेरच्याला टाइम आउट येतं. पॉवर सेटिंगमध्ये झाकण बंद केल्यावर ‘डू नथिंग’ करा, स्लीप ‘नेव्हर’ करा. हे बॅटरी आणि चार्जर दोन्हींसाठी वेगवेगळं करावं लागतं. मी चार्जरचंच केलं होतं, त्यामुळे लाइन गेली की दहा मिनिटांनी सर्व्हर गायब आणि भाच्याचा फोन हजर.

बॅटरी संपत आली तर खिडकी फुलीवर बंद न करता सर्व्हरमध्ये ‘स्टॉप’ टाइप करा, जग नीट सेव्ह होऊन बंद होईल. सर्व्हर बंद असताना ‘वर्ल्ड’ नावाचं फोल्डर आठवड्यातून एकदा पेनड्राइव्हवर उतरवा. आमच्याकडे ते रविवारी होतं, बाजाराच्या दिवशी. भाचा आठवण करून द्यायला सकाळी आठलाच फोन करतो.